आबांच्या आईचं वाक्य

पुस्तकावरून सिनेमा लिहिणाऱ्याला लोक हमखास विचारतात, मूळ कथेला न्याय दिला का हो? कसला न्याय न् कसलं काय! चार कादंबऱ्या आणि दोन कॉमिक्स यांच्या पटकथा केल्या मी. त्यातले पाच लेखक मला रस्त्यात बघितलं की तोंड फिरवतात. सहाव्याने तोंड फिरवलं नाही, त्याचीच गोष्ट सांगतो.

सहावे म्हणजे आबा. धुळ्याला देवपुरात ते मला शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर धरणगावला, आपल्या गावी जाऊन राहिले. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, स्वतःच्या आईवर. तिचा थोरला मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, तिथेच अपघातात गेला. बाराव्याला त्याच्या नावाने वाढलेल्या ताटासमोर बसून ती माउली एवढंच म्हणाली, "घरमा बठ्ठं शे, खानारा नही." घरात सगळं आहे, खाणारा नाही. कादंबरीचा सगळा जीव त्या वाक्यात.

सिनेमासाठी परवानगी मागायला गेलो तेव्हा आबा म्हणाले, "काय बदलायचं ते बदल भो, मला त्यातलं कळत नाही. आईचं वाक्य तेवढं जसंच्या तसं ठेव." मी त्यांच्या पाया पडून शब्द दिला.

आमच्या धंद्यात पटकथा कोणी वाचत नाही. निर्मात्यापुढे बसून ती ऐकवायची असते, त्याला नरेशन म्हणतात. सगळ्यांचे आवाज लेखकानेच काढायचे, रडायचं, हाणामारीही करायची. लिहिता नाही आलं तरी चालेल, नाचता आलं पाहिजे! अंधेरीच्या ऑफिसात मी तासभर घसा फोडत होतो आणि निर्माता मोबाइलवर अंगठा फिरवत होता. शेजारचा उघड उघड जांभया देत होता. हे काम गेलं तर पुन्हा मला कोण बोलावणार? तेवढ्यात ताटाचा प्रसंग आला. काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, ते वाक्य मी नाकातून, मान वेळावत, बारीक आवाजात म्हटलं. कॉलेजच्या गॅदरिंगला मी खेडवळ म्हातारी करायचो, अगदी तशी. आम्ही धुळ्याची शहरी पोरं अहिराणीला अशीच हसायचो. घरात आई तीच बोलायची, तरी.

निर्मात्याने मान वर केली. हसला. "फिर से बोल," म्हणाला. मी पुन्हा बोललो. तो मांडीवर थाप मारून हसला आणि म्हणाला, "ये बुढ़िया हर दस मिनट में चाहिए!"

तिथेच उठायला हवं होतं. मी म्हणालो, "सर, परफेक्ट." माती खाल्ली आणि वर ढेकर दिला.

सिनेमा चालला. जळगावच्या थिएटरात मी आबांना बोलावलं. ते मुक्ताईनगरहून आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, घेऊन आले. त्या बाराव्याला अक्का आईला धरून बसल्या होत्या. पडद्यावर म्हातारी जावयाशी भांडते, की ते वाक्य. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावते, की ते वाक्य. लोक खुर्च्यांवर हात आपटून आपटून हसत होते. अक्का आबांच्या कानाशी लागल्या, पण अक्कांना कमी ऐकू येत असल्याने त्या मोठ्याने बोलल्या, ते मलाही ऐकू आलं.

"माय अशी बोले का रे?"

 बाहेर आल्यावर आबांनी माझा खांदा थोपटला. "वाक्य जसंच्या तसं ठेवलंस," म्हणाले, "शब्दाला जागलास." खरंच, एक अक्षरही बदललं नव्हतं मी. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. चार माणसांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

यंदा आबा गेले. बाराव्याला मी धरणगावला गेलो. आबांच्या नावाने ताट वाढलं. अक्कांना दोघींनी धरून ताटासमोर बसवलं.  ताटाकडे बघत त्या म्हणाल्या, "घरमा बठ्ठं शे..."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक जण. चांगली कळती, बापई माणसं, आबांचेच पुतणे नि भाचे. तोंडावर रुमाल दाबून बसले, पण हसू आवरेना त्यांना. एकाने तर हळूच वाक्य पुरं केलं. नाकातून, मान वेळावत.

अक्का थांबल्या. राहिलेले दोन शब्द त्या बोलल्याच नाहीत. पदराने तोंड पुसून उठल्या आणि आत गेल्या. थोरले पुतणे त्या हसणाऱ्यांवर ओरडले, लाज नाही का म्हणाले. मी मान खाली घालून बसून होतो. नाकातला तो आवाज माझा होता.