थेंबाला न शिवलेला

कोरगावातला कृष्णनाथ दारू पीत नाही, ही गोष्ट गावकरी आल्यागेल्या पाहुण्याला देवळाचा दीपस्तंभ दाखवावा तशा थाटात सांगत. काजूची बाग असलेला माणूस, चैत्रात बोंडू वाहून वाहून ज्याच्या सदऱ्याला आंबूस वास चिकटलेला असतो, कुंपणापलीकडेच ज्याच्या शेजाऱ्याची काजूच्या दारूची भाटी धडधडते, तो हुर्राकाचा एक घोटही घेत नाही म्हणजे काय! काही जण कौतुकाने सांगत, बरेच जण त्याला खुळा समजत.

त्यामागचं कारण त्याच्या पाठच्या बहिणीला, विनिताला, पुरतं ठाऊक होतं. त्यांचे वडील पोट फुगून गेले. डोळे पिवळे, अंग काळवंडलेलं. पिणं म्हणाल तर गावातल्या कुठल्याही शेतकऱ्याइतकं, आयतवारी एक पेला. पण पोट फुगलं आणि गावाने निकाल देऊन टाकला. चितेला अग्नी द्यायच्या वेळी मागून कुणीतरी म्हणालं, "मागे सरा रे, भडको उडतलो!" आणि स्मशानात लोक हसले. मिसरूड न फुटलेल्या कृष्णनाथाच्या हातात तेव्हा पेटतं लाकूड होतं.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने बागेची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या, दगडावर हात ठेवून शपथ घेतली: थेंबाला शिवलो तर माझा वंश बघून घे. त्यानंतर दर वर्षी राखणदाराला नैवेद्याचा रोट आणि बाटली द्यायची वेळ आली की कृष्णनाथ नाक्यावरच्या बारमधून फेणीची एकच बाटली आणी, दगडासमोर ओती आणि उरलेला प्रसाद इतरांना वाटून स्वतः पाणी पिऊन घरी येई.

विनिता लग्न होऊन नार्व्याला गेली. नदीकाठची शेती, दोन मुलगे, सगळं ठीक चाललं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर मात्र तिच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं मुळापाशी दुखायला लागली. तांदूळ निवडता येईनात. मग साखर वाढली. अंगाचा रंग राख चोळल्यासारखा झाला. "काय गो, खाणीर कामाक जातंस काय लपान?" शेजारणी हसत. खाणींच्या त्या दिचोली तालुक्यात काळवंडलेल्या माणसाला दुसरा विनोद नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तीन-चार तपासण्या करून घेतल्या आणि तिला समोर बसवलं. "तुमच्या शरीरात लोह साठतंय. आपल्या जेवणातलं लोह शरीर लागेल तेवढंच घेतं. तुमचं शरीर घेतच राहतं आणि जास्तीचं बाहेर टाकायला त्याला वाट नाही. मग ते यकृतात जातं, हृदयात जातं, सांध्यांत जातं. बायकांचं दर महिन्याला थोडं रक्त जातं, म्हणून त्यांना उशिरा कळतं. पुरुषांना आधी गाठतं. आईवडील नात्यातले होते का?"

"आई बाबांची मामेबहीण."

"म्हणजे दोन्हीकडून आलं. वडील कशाने गेले?"

"दारूने," विनिता म्हणाली. इतकी वर्षं जीभ वळत आली होती तशीच वळली. मग आपलंच उत्तर तिच्या कानांवर पडलं आणि तिने टेबलाची कड घट्ट धरली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. उपाय साधा आहे. ठराविक दिवसांनी एक पिशवी रक्त काढायचं, म्हणजे नवं रक्त बनवायला शरीर साठलेलं लोह वापरतं. लोहाचं टॉनिक बंद, दारू बंद. पण यकृत खराब व्हायच्या आधी आलं पाहिजे. "भावंडांना आणा. सख्खी भावंडं सगळ्यात आधी. त्यांच्या मुलांचीही एकदा तपासणी करून घ्या, पण घाबरू नका. दोष दोन्हीकडून आला तरच त्रास होतो. जोडीदार परक्या घरातला असेल, तर मुलांना बहुधा काही होत नाही."

विनिताने आधी धाकट्या भावाला, परेशला, फोन केला. तो मुरगावच्या धक्क्यावर कामाला. "दादान तपासणी केली काय मी करतंय," परेश म्हणाला. "मोठ्याच्या आधी धाकट्यान बोवल्यार चडाचा नाय, रक्तही देवचा नाय!" आणि स्वतःच्याच विनोदावर पोटभर हसला.

म्हणून ती कोरगावला गेली. घरात गौरवीच्या, कृष्णनाथच्या मुलीच्या, लग्नाची बोलणी चालली होती. वहिनी शालिनी कपाटातले काचेचे पेले पुसत होती. कृष्णनाथ पडवीत कदेलावर, जुन्या खुर्चीवर, पाय सोडून बसला होता आणि चमच्यात टॉनिक ओतत होता. विनिताने बाटली हातात घेतली. लोहाचं टॉनिक.

"ह्या किती दिस घेतंस?"

"बरेच दिस जाले. थकवा येता म्हणान तुझ्या वयनीन आणल्यान. माया गो बायलेची, काय करतलंय?"

तिने त्याचा हात ओढून घेतला. पहिली दोन बोटं मुळाशी सुजलेली. दाबल्यावर तो कळवळला.

"कोयतो धरून धरून," तो म्हणाला.

"माझ्या हातात कोयतो नाय, दादा." तिने आपली बोटं त्याच्या बोटांशेजारी ठेवली. दोघांचे हात एका साच्यातून काढल्यासारखे. मग तिने सगळं सांगितलं. कृष्णनाथने मान डोलावत ऐकलं.

"रक्त काढून बरा होता? मगे शेतात पाय सोडून बसतंय, जळवो फुकट काढतीत."

"मस्करी नको. बाबाही ह्यानेच गेले. दारूने नाही."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "बाबा पियत होते," तो म्हणाला.

"आयतवारी एक पेला रे!"

"पियत होते!" तो ओरडला. एवढा मोठा आवाज त्याने घरात कधी काढला नव्हता. विनिताला उमजलं. बाप दारूने मेला नसेल, तर दगडावर हात ठेवून जगलेला भावाचा सगळा जन्म फुकट गेला होता. बापाला दारुडा ठेवणं त्याला भाग होतं. "आणि माका कशाक होतला? थेंबाक शिवलंय नाय मी."

शालिनी पेला तसाच हातात घेऊन बाहेर आली. "वन्सं, हळू बोला. दिचोलीचीं माणसां सांजेक येतलीं. बापाच्या रक्तात आसा, आज्याच्या रक्तात आसा म्हणान त्यांच्या कानार गेला तर परत आमचो उंबरठो शिवतीत?"

"वयनी, गौरवीला बहुतेक काही नसेल. डॉक्टरांनी सांगितलंय. दादाला तेवढं—"

"लग्न जावंदी," शालिनी म्हणाली. "मगे माका घेवन जावा, तेंका घेवन जावा, सगळ्या गावाक घेवन जावा."

लग्न झालं, दिचोलीतच, थाटात. मग शालिनी म्हणाली, गणपतीची पहिली चवथ होऊ दे. चवथ झाली. मग गौरवीचं बस्तान बसू दे. विनिता दर वेळी फोन करी आणि कृष्णनाथ म्हणे, "येतंय गो बाय, आता सुपारी काढून जावंदी." टॉनिक त्याने बहिणीच्या शब्दाखातर बंद केलं, तर शालिनीने लोखंडी काहिलीत भाजी करायला सुरुवात केली, नवरा थकलेला दिसतोय, ताकद यायला हवी म्हणून.

शिगम्याला ढोल वाजत असताना कृष्णनाथ अंगणात रक्त ओकला.

इस्पितळात त्याच्या पोटातून पिवळं पाणी काढलं. रक्तातल्या लोहाचा आकडा हजारांच्या घरात निघाला. डॉक्टरीणबाईंनी विनिताकडे नुसतं पाहिलं आणि कागद मिटून ठेवला. यकृत दगड झालं होतं. कृष्णनाथ शुद्धीवर होता तेव्हा त्याने बहिणीला जवळ बोलावलं. "म्हणजे बाबा..." तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला.

बाहेरच्या बाकावर शालिनीने विनिताचा हात धरला. "वन्सं, कागदार काय तें आमच्या दोघींत ऱ्हवंदी. गौरवीची सासू आयल्या."

कृष्णनाथचं पोट फुगलेलं होतं, अंग काळवंडलेलं होतं. चितेपाशी एका तरण्या पोराने, जो पहिल्या वेळी जन्मालाही आला नव्हता, मागच्याला कोपराने ढोसलं. "मागे सर रे, भडको उडतलो." ही कोटी गावात वंशपरंपरेने चालत आली होती.

बाराव्याला पंगत उठल्यावर पडवीत बोलणं निघालं. पानाचा चुना बोटाने निपटत एक जण म्हणाला, "मी डोळ्यांनी बघलंय बारातून बाटली घेवन येताना. दर वर्सा."

"राखणदाराक म्हणान न्हेयत होतो."

"राखणदार कितलो पितलो? उरलेली खंय गेली?"

"आणि कपड्यांक वास येय तो? बोंडवाचो म्हणे!"

"बापाच्या वर चडलो. बाप उघडो तरी पियत होतो."

विनिता माजघरातून बाहेर आली. बायकांनी पुरुषांच्या बोलण्यात पडायची रीत नव्हती. "माझा दादा थेंबाला शिवला नाही," ती म्हणाली. "त्याला रक्ताचा आजार होता. मला आहे तोच. बाबांनाही तोच. वयनीला विचारा, रिपोर्ट तिने बघितलाय."

सगळे शालिनीकडे वळले. ती विड्यांचं तबक घेऊन दारात उभी होती. खांबाला टेकून गौरवीची सासू बसली होती, कान टवकारून.

शालिनीने तबक खाली ठेवलं.

"पियत होते," ती म्हणाली. "रातीचे, लपान. माका ठावक होता."

गौरवीच्या सासूने डोळ्यांना पदर लावला आणि सुटकेचा श्वास घेतला. दारुड्या बापाची मुलगी चालते. अर्ध्या गावाच्या सुना त्याच असतात. गौरवीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आतेकडे, आणि उठून तबकातले विडे वाटायला लागली.

पुढे गौरवीला दिवस गेले. एका दुपारी शालिनीचा फोन आला. "वन्सं, लोखंड चड म्हणत होतात नाय? माझ्या चेडवाच्या रक्तात लोखंड कमी आसा. डॉक्टरांनी गोळ्यो दिल्यानी. म्हणजे आमच्यात कायेक नाय. तेंचा जें जाला, तें दारवेनच." शालिनीच्या आवाजात खोटेपणा औषधालाही नव्हता. पडवीत सांगितलेलं ती आता स्वतः मानू लागली होती.

"वयनी, अगं, पोरांना होत नाहीच बहुधा, भावंडांना—" विनिता सांगत होती, तोवर फोन बंद झाला.

त्या वर्षी राखणदाराला रोट द्यायला परेश मुरगावहून आला. घरचे, शेजारचे बागेत जमले. विनिताही नार्व्याहून आली आणि बायकांत, थोडी मागे, उभी राहिली. परेशच्या बगलेत फेणीची बाटली होती. तो चांगलाच काळवंडला होता. धक्क्यावरचं ऊन, असं तो सगळ्यांना सांगत होता.

त्याने दगडासमोर रोट ठेवला आणि बाटलीचं बूच फिरवायला घेतलं. फिरेना. त्याने हात झटकला, पुन्हा धरलं. पहिली दोन बोटं वळतच नव्हती.

विनिता पुढे झाली, बाटली त्याच्या हातून घेतली आणि डाव्या हाताने बूच काढून दिलं. "उद्या माझ्याबरोबर चल," ती हळूच म्हणाली. "पाया पडते तुझ्या, परेश."

"गौरवीचो रिपोर्ट बघलंस मां?" तो तितक्याच हळू म्हणाला. "आपल्यात कायेक नाय गो, ताय. माका फक्त एक करूक होया, पिणां कमी." आणि वळून त्याने मोठ्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा राखणदारा, महाराजा! आमच्या दादान तुझ्यापुढे शपथ घेतली आणि तुझ्याच नावार बाटली न्हेवन शपथ मोडली, तेचो राग धरू नको, महाराजा!"

"होय, महाराजा!" सगळे म्हणाले. शालिनी हात जोडून सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

"ह्या घरातली दारू बंद कर, आणि मागे उरलेल्यांची रखवाली कर, महाराजा!"

"होय, महाराजा!"

विनिताचे ओठ हलले नाहीत. परेश फेणी दगडावर ओतत होता. बाटली त्याने दोन्ही तळव्यांत दाबून धरली होती, लहान मूल धरतं तशी.