बाबांची भजनं आणि माझं लिनक्स

घाटकोपरच्या आमच्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर नवीन विंडोज चालेना. दुकानदार म्हणाला, भंगारात काढा. माझं डोकंच फिरलं. चांगलं चालतं मशीन का म्हणून काढायचं? मी त्यावर विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स टाकलं आणि बाबांना लेक्चर दिलं, की हे कुणा एका कंपनीचं नाही, सगळ्यांचं आहे.

बाबांनी गणपतीतल्या भजनांची फाइल उघडली. कोकणातल्या बुवांकडून ऐकलेली ती भजनं त्यांनी कित्येक वर्षं बसून टाइप केली होती, एका विकतच्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट लिनक्सवर नव्हता. स्क्रीनवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि वेड्यावाकड्या खुणा.

"सगळ्यांचं आहे म्हणालास ना," बाबा शांतपणे म्हणाले, "मग मला का वाचता येत नाही रे?"

मी फॉन्टचं गणित समजवायला लागलो, की ही अक्षरं तो विकतचा फॉन्ट असलेल्या मशीनवरच मराठी दिसतात, युनिकोडमध्ये टाइप केली असती तर कुठेही दिसली असती. त्यांनी हातानेच मला थांबवलं, लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि डोळे मिटून पहिलं भजन म्हणायला लागले. एक ओळ झाल्यावर थांबले.

"टाइप कर," म्हणाले. "आणि या वेळी सगळ्यांना दिसेल असं कर."