देश सोडल्याची तारीख

आखातातल्या इंटरनॅशनल सिटीत, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या माझ्या टायपिंग सेंटरमध्ये एक म्हातारा परदेशी उमराव भर उन्हाळ्यातही कोट घालून येतो. क्रांतीनंतर ‘पळून गेला’ म्हणत त्याच्या देशाने त्याच्या बागा जप्त केल्या. त्याचं अपील दर वेळी एकाच रिकाम्या रकान्यामुळे परत येतं: देश सोडल्याची तारीख.

“खानसाहब, तारीख लिखो, खलास!”

“छोडा नहीं, हबीबी. इलाज को आया.”

“चालीस साल से इलाज चल रहा है?”

तो शांतपणे टाय सारखा करतो.

काल शेवटची मुदत होती. वैतागून मीच तारीख टाकली आणि कागद त्याच्यापुढे आपटला. त्याने तो वाचून फाडला.

“तारीख खाली रख के भेजो.”

भावांनी ‘तू गाव सोडलंस’ म्हणताच पैशांची घासाघीस करून हक्कसोडपत्रावर सही ठोकणाऱ्या मी, त्याचा रकाना रिकामा ठेवून अपील पाठवलं.