वहिनीच्या मामांची पौर्णिमा

स्वतःच्या वाढदिवसापासून पळण्यासाठी माझ्या वहिनीच्या मामांनी जेवढे कष्ट घेतले, तेवढे कुणी वाढदिवस साजरा करण्यासाठीही घेतले नसतील. माझी बदली लखनौला झाली तेव्हा वहिनीने मामांचा पत्ता दिला आणि बजावलं, "माणूस सोन्यासारखा आहे, फक्त एक जूनला त्यांच्याकडे जाऊ नका." मामा मूळचे अकोल्याकडचे. हजरतगंजातल्या एका सरकारी कचेरीत आयुष्य काढून विकास नगरात घर बांधून राहिलेले. एक जून ही त्यांची कागदोपत्री जन्मतारीख. त्या दिवशी सकाळी सहाला मोबाइल बंद करून ते घर सोडत आणि दिवे लागल्यावरच परतत. कचेरीतल्या लोकांनी एका वर्षी हार आणला तर मामा रजेवर. पुढच्या वर्षी त्यांनी हुशारी करून आदल्या दिवशीच आणला, तर मामांनी तो शांतपणे साहेबांच्या दाराला बांधला आणि फायली काढून बसले. कारण विचारलं की एकच उत्तर मिळे, "मी जन्मलोच नाही. मले फक्त दाखल केलं."

बाकी बाबतींतही मामा सरळ नव्हतेच. कुठलंही पहिलं उत्तर त्यांना मान्य नसे. रस्ता विचारायचा तर तीन जणांना विचारत, आणि तिघांनी एकच सांगितलं तर संशय येऊन चौथ्याला गाठत. एकदा मी त्यांना त्यांच्याच घराचा रस्ता कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्याला विचारताना पकडलं. म्हणाले, "मले माहीत आहे. त्याले माहीत आहे का, ते पाहून राहिलो." ई-रिक्षावाल्यांशी ते अस्सल वऱ्हाडीत भांडत. समोरचा "अरे चाचा, बैठिए तो सही" म्हणून लखनवी अदबीनं ऐकून घेई, आणि दोघंही आपण जिंकलो अशा समजुतीत विकास नगरपर्यंत येत. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते मिठाईच्या दुकानात जाऊन नुसते भाव विचारत. मामी म्हणायच्या, "भाव ऐकूनच यांची साखर वाढते."

मामांच्या बंगळुरूच्या मुलाने आईवडिलांसाठी श्रीलंकेची सहल ठरवली. सगळी बौद्ध स्थळं, आणि लखनौहूनच निघणारी मंडळी. पासपोर्टच्या प्रती पाठवायच्या आधीच मामींचा गुडघा सुजला आणि त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली. "तू जा रे बाबा," मामी म्हणाल्या, "नाहीतर हे तिकडच्या समुद्रालाही रस्ता विचारत बसतील." मामा कधी नव्हे ते एका बोलण्यात तयार झाले होते. का, ते विमानात कळलं. सहलीत एक जून येत होता. देश परका, माणसं अनोळखी, फोन बंद. पळायला इतकी उत्तम जागा त्यांना आजवर मिळाली नव्हती.

बसमधल्या सोळा जणांत आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. पण मामांच्या शेजारच्या बाकावर अलीगंजच्या सक्सेना मॅडम होत्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि मागे मिश्राजी, ज्यांचं औषधांचं दुकान आता मुलगा चालवत होता आणि ज्यांना दिवसभर हसण्याखेरीज काम उरलं नव्हतं. मामांनी गाइडला विचारलेला प्रत्येक प्रश्न पुन्हा ड्रायव्हरला विचारायला सुरुवात केली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सही करते हैं आप. उत्तर की जाँच होनी चाहिए." आपल्या या सवयीला कुणी शाबासकी देईल याची मामांना सवय नव्हती. त्यांनी मॅडमना खिडकीची जागा दिली.

एक जूनला आम्ही कँडीच्या हॉटेलात नाश्त्याला बसलो होतो. गाइड स्वयंपाकघरातून केक घेऊन आला. आमचे पासपोर्ट त्याच्याकडेच होते, हे मामांच्या हिशेबातून सुटलं होतं. सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले. मामाही उभे राहिले, पण भाषणासाठी.

"ये मेरा जन्मदिन नहीं है," ते म्हणाले. "ये उस दिन का मास्तर का आलस है. ग्यारह लड़के भरती हुए, ग्यारहों की एक जून लिख दी."

मिश्राजी हसत सुटले. "अरे भाईसाहब, हमारे यहाँ मास्टर लोग एक जुलाई लिखते थे. मैं भी वही हूँ." पाठोपाठ आणखी दोन एक जुलैवाले निघाले. टेबलावर हशा पिकला. मामा मात्र खुर्ची मागे सारून बाहेर गेले. मी मागोमाग गेलो, तर ते हॉटेलासमोरच्या तलावाकाठी पाठ फिरवून उभे होते. मॅडम सावकाश चालत आल्या आणि त्यांनी फक्त एवढं विचारलं, "तो माताजी क्या बताती थीं?"

मामा हिंदी सोडून माझ्याकडे वळून मराठीतच बोलायला लागले, आणि मी मॅडमना हिंदीतून सांगत गेलो. "माय सांगे, कापसाचा दुसरा वेचा चालू होता. बाजाराचा दिवस. बाप बाजारातून येईपर्यंत मी झालो होतो. चांदणं इतकं होतं म्हणे की घरात दिवा लावला नाही. शाळेत नाव घालायच्या दिवशी ती संगंच आली होती. दाराबाहेर उभी होती. तिले सगळं माहीत होतं. मास्तरनं तिले विचारलंच नाही. आत बसून लिहून टाकलं." थोडं थांबून ते म्हणाले, "ती तारीख मी साजरी केली, तर मास्तर खरा आन् माय खोटी."

इतकी वर्षं ज्याला आम्ही सगळे तऱ्हेवाईकपणा म्हणत होतो, त्याच्यामागे हे होतं. वहिनीलाही हे ठाऊक नव्हतं.

मॅडमनी हळहळ व्यक्त केली नाही. त्यांनी पर्समधून वही काढली. दुसरा वेचा, म्हणजे कापसाची दुसरी वेचणी, कुठल्या महिन्यात होते? बाजार कुठल्या वारी भरे? शाळेत किती वर्षांचे असताना घातलं? पुढचे दोन दिवस बसमध्ये हाच विषय चालला. लखनौची माणसं वऱ्हाडातल्या कापसावर तावातावाने बोलत होती. मिश्राजींनी तर कापूस कधी फुटतो, हे सिंहली ड्रायव्हरलाही विचारलं. त्याला कापसाचं काही माहीत नव्हतं, पण चांदण्याचं ऐकून तो म्हणाला, म्हणजे पोया. पौर्णिमेला तिथे पोया म्हणतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. परवा पोयाच आहे, आपण अनुराधापूरला असू.

मॅडमनी वही मिटली. "महीना बाद में देखेंगे. पूनम तो पक्की है."

अनुराधापूरला त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांचा पूर लोटला होता. रस्त्याकडेला मांडव घालून लोक येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून खाऊ घालत होते. आम्ही रांगेत उभे राहून पानावर उकडलेला कसावा घेतला, म्हणजे ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, आणि त्यावर खोबऱ्याची झणझणीत चटणी. एका झाडाखाली सगळे बसलो. मेणबत्ती नव्हती, म्हणून मिश्राजींनी मामांच्या कसाव्यात उदबत्ती खोचून पेटवली. मामा वाकून फुंकर घालणार, तोच मॅडम म्हणाल्या, "फूँकिए मत, अगरबत्ती है. जलने दीजिए." मग ती जळेपर्यंत आम्ही सोळा जण समोर पान धरून तशीच वाट पाहत बसलो. मांडवातली एक म्हातारी कौतुकाने पाहत होती. गाइडने तिला सांगितलं असावं, कारण तिने येऊन मामांच्या पानावर आणखी एक कंद वाढला.

"माताजी का नाम क्या था?" मिश्राजींनी विचारलं.

"गिरजा," मामा म्हणाले. मग, जणू कुणीतरी लिहून घेत आहे अशा बेतानं, एकेक अक्षर सुटं करून पुन्हा एकदा सांगितलं. संध्याकाळी बोधिवृक्षाच्या कठड्यापाशी मॅडमनी त्या नावाने तेलाचा दिवा लावला. मामा हात जोडून उभे होते आणि त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही.

लखनौला आल्यावर महिनाभराने मॅडमचा कागद आला. जुनी पंचांगं पालथी घालून त्यांनी बाजारवार आणि पौर्णिमा जुळणारे दोन दिवस काढले होते, वेगवेगळ्या वर्षांतले. यांतला कुठला, हे ठरवायला आणखी काही आठवतं का, असं खाली लिहिलं होतं. मामांनी तो माझ्यासमोर दोनदा वाचला. मी विचारलं, "मग यातला कोणता धरायचा?"

"ते एकटी मायच सांगू शकली असती," मामा म्हणाले. "मीही तिले कधी नीट विचारलं नाही रे. मले वाटे, विचारू कधीतरी."

मामींनी चहा आणून ठेवला होता. तो निवेपर्यंत मामा कागद हातात धरून बसले होते.