शहारे सर पायीच जायचे

नाला ओलांडला तेव्हा निम्मी वाट झाली होती. शहारे सर बूट हातात घेऊन पलीकडे उभे होते. मी साडी सावरत पाण्यातून आले तर म्हणाले, "दम घ्या बाई. साक्षी कुठं पळून नाही जात." मग स्वतःच म्हणाले, "पळून राहिली असती तर आपण आलोच कायले असतो."

मी हसले नाही. त्यांनीही तशी अपेक्षा केली नसावी. बूट घालून ते पुढे चालायला लागले. दोन्ही बाजूंना कापलेलं धान पडलं होतं आणि लांब कचारगडाचा डोंगर दिसत होता.

साक्षी उईके ही आमच्या कॉलेजची दुसऱ्या वर्षाची मुलगी. आठशे मीटर पळते. अकरा दिवस झाले, मैदानावर आली नव्हती. विद्यापीठाची स्पर्धा तोंडावर होती आणि सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. मुलींच्या घरी जायची त्यांची ही शेवटची फेरी.

खेमराज शहारे आमच्याकडे क्रीडा शिक्षक म्हणून आले तेव्हा कॉलेजला मैदान नव्हतं. मागे धानाच्या चार बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, पडीक होत्या. सरांनी मुलांना घेऊन त्यांचे धुरे, मधले बांध, फोडले, जमीन सारखी केली, टेपनं मोजून चुन्यानं रेघा मारल्या. पहिल्या वर्षी चार मुलं आली. पुढे त्या मैदानावरून मुलं पोलिसात गेली, रेल्वेत गेली. ढाली मिळाल्या, पण ठेवायला खोली नव्हती, म्हणून त्या लायब्ररीच्या कपाटात आल्या. मी लायब्ररीत परिचर आहे. ढाली पुसता पुसता माझी सरांशी ओळख झाली.

मुलींचं मात्र जमत नव्हतं. मुलगी आठ दिवस यायची आणि बंद व्हायची. मग सर तिच्या घरी जायचे, तेही पायी. मोटारसायकल होती त्यांच्याकडे, पण ती ते बसस्टॉपवर ठेवत. म्हणायचे, "गाडीवर गेलो तर लोक उभ्यानंच बोलतात. पायी गेलो तर खाट टाकतात." सुरुवातीला ते एकटेच जायचे. एकदा गावात नको ते बोलणं झालं आणि ती मुलगी परत आली नाही. तेव्हा लायब्ररीत येऊन मला म्हणाले, "मंजूबाई, सोबत चलाल का? मी बापाशी बोलतो, तुम्ही आईशी बोला."

तेव्हापासून एकोणीस वर्षं मी जात होते. मी घरून देवापुढे दिवा लावून निघायची, ते बुद्धवंदना करून निघायचे. सर बाहेर खाटेवर बसत, मी आत चुलीपाशी. परतीच्या वाटेवर मी आतलं सांगायची, ते बाहेरचं सांगायचे. त्यातून काय करायचं ते ठरायचं. अशा किती मुली परत आणल्या ते सांगता येणार नाही.

एकदा मात्र मी आतलं सांगितलं नाही.

बिरसीकडची रश्मी बोरकर. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. पोलीस भरतीची तयारी करत होती. तिच्या घरी गेलो तेव्हा तिची आई शामकला चहा गाळता गाळता हळूच बोलली. शाळेत रक्त तपासलं होतं, पोरगी सिकलसेलची वाहक निघाली. तपासणीचं कार्ड पेटीत कपड्यांखाली ठेवलं होतं. "कोणाले सांगू नका बाई, सोयरीक येऊन राहिली," म्हणाली. आमच्याकडे या कार्डानं मुलींची लग्नं मोडतात हे मला माहीत होतं. मलाही दोन मुली. मी नाही सांगणार म्हटलं. वाहक म्हणजे काही आजारी नाही, असंही मनाशी म्हटलं.

एप्रिलात दहा वाजताच्या उन्हात मैदानाच्या शेवटच्या फेरीत रश्मी पडली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारली. डॉक्टरांनी सांगितलं की वाहक असलेली माणसं सहसा ठीक असतात, हजारो लोक पळतातही, पण एवढं ऊन, पाणी नाही आणि एकदम जोर, हे तिला सोसलं नाही. आधी माहीत असतं तर जपता आलं असतं.

सर रडले नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही. दुसऱ्या सोमवारी मैदानावर आले. उन्हाळ्यात सकाळी आठनंतरचा सराव बंद केला, प्रत्येक वळणावर पाण्याचा माठ ठेवला, प्रत्येकाकडून रक्ताचा रिपोर्ट मागायला लागले. ज्यांच्याकडे लपवायचं होतं ते तपासलंच नाही म्हणायचे. पूर्वी मुलगी रेघ ओलांडायची तेव्हा सर तिची वेळ मोठ्यानं ओरडून सांगायचे. ते बंद झालं. चिठ्ठीवर लिहून हातात द्यायचे. ढाली येत राहिल्या, मी पुसत राहिले. रोज दिवा लावताना ठरवायची की आज सरांना सांगायचं. सांगितलं नाही.

साक्षीच्या घरी पोहोचलो तर तिचे वडील बकाराम अंगणातच होते. खाट टाकत म्हणाले, "सर, तुमचे गुडघे रिटायर नाही झाले काय अजून?" सर म्हणाले, "त्यांचा अर्ज नामंजूर झाला." बकाराम हसले. मग धानाचं काम आहे, पोरगी घरी लागते, असं सांगू लागले. साक्षी दाराशी उभी होती. तिनं सरांकडे पाहिलं नाही.

मला साक्षीच्या आईनं, जमुनाबाईनं, आत नेलं. तांदूळ निवडत होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग सूप खाली ठेवून तिनं सांगितलं. धानाचं काही नाही. पोरगी सरावाहून आली की पाय धरून बसते. तिचं कार्ड आहे. वाहकाचं. बाहेर धानाचंच सांगा, असं म्हणाली. माझा हात धरला होता तिनं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

परत निघालो. नाल्यापाशी आलो. सर बूट काढायला वाकले तेव्हा सांगितलं. साक्षी वाहक आहे, पाय दुखतात, कार्ड घरात आहे.

सर बुटाची नाडी सोडत राहिले. म्हणाले, उद्या तिला आणि आईला घेऊन डॉक्टरकडे जाऊ. डॉक्टर हो म्हणाले तरच पळेल. पळाली तर सकाळी लवकर आणि पाणी पिऊन. नाही म्हणाले तर नाही. बकारामशी ते स्वतः बोलतील, सोयऱ्यांच्या कानावर काही जाणार नाही.

मग म्हणाले, "रश्मीच्या वेळेसही तुम्हाला माहीत होतं."

विचारलं नव्हतं त्यांनी, सांगितलं होतं.

"शामकलाबाईनं रश्मीच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितलं मला," ते म्हणाले.

सात वर्षं. त्या सात वर्षांत आम्ही कितीतरी वाटा सोबत चाललो होतो. मला वाटलं रडू येईल, पण आलं नाही.

मी विचारलं, "मग मला सोबत काऊन नेत राहिले सर?"

"दुसऱ्या कोणत्या बाईले घरचे लोक आत बसवत होते?" ते म्हणाले.

आम्ही नाला ओलांडला. पलीकडे त्यांनी बूट घातले नाहीत, तसेच काठावर बसून राहिले. त्यांची जागा भरणार नव्हते. तासिका तत्त्वावर ओमेश येणार होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. सर त्याच्याबद्दल बोलले. मैदान सांभाळेल म्हणाले, रेघा सरळ मारतो. पण तो घाईचा आहे, फोनवरच काम उरकायला पाहील.

"बाई, एक मागतो तुमच्याकडे," सर म्हणाले. "ओमेशसोबत जात जा. पायी न्या त्याला. आणि आत कोणत्याच आईला शब्द देऊ नका. जे कळेल ते बाहेर येऊन त्याला सांगा, वाटेतच सांगा, घरी पोचायच्या आधी."