ताट वेगळं काढणाऱ्यांनो

मंडळी, आत्ताच गव्हाणहून थोरल्या भाचीच्या हळदीतून आलेय आणि डोकं तापलंय.

धाकटी भाची पोटाच्या दुखण्याने पार सुकलीय. डॉक्टरांना क्रोन्सची शंका आहे, म्हणजे आतड्यांना सतत सूज. पंगतीत आमची काकी सगळ्यांदेखत म्हणाली, "यो गोऱ्या लोकांचा आजार, आपल्यात नाय व्हत. टीबीच हाय. हिचं ताट येगलं काढा!"

नव्वदच्या दशकात पनवेलच्या एका दवाखान्यात मी हेच ऐकलं होतं. "तुम्हा मिठागरवाल्यांना कुठले असले आजार?" म्हणत तिथल्या डॉक्टरांनी मला टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या संपल्या, दुखणं तसंच. घरात माझं ताट वेगळं, हळदीला मी मांडवाबाहेर. शेवटी मुंबईत दुर्बिणीने आतडी तपासली, तेव्हा कळलं. क्रोन्स!

म्हणे आपल्यात नसतो. अरे, कुणी शोधलाच नाही तर सापडणार कसा?

मी भाचीशेजारी मांडी घातली आणि तिच्याच ताटातली भाकरी मोडून खाल्ली. काकी बघतच राहिली. बघू दे.

तुमच्या घरातही कुणाचं तरी ताट वेगळं असेल. त्या माणसाला नक्की काय झालं होतं, हे कुणी तपासलं होतं का?