लाल शाईच्या चार ओळी

म्हैसूरजवळ कडकोळला आमच्या कारखान्याच्या गेटवर व्हिजिटर स्लिपांचा एक डबा आहे. बाहेर पडताना माणूस स्लिप त्यात टाकतो. पुढे ती कुणी वाचत नाही आणि कुणी फेकतही नाही. किस्से तसेच साठतात. मी फारसा बोलणारा माणूस नाही, त्यामुळे डबा उघडायची जरा लाजच वाटते. पण वसंतमामांचे आणि शिवण्णाचे किस्से मी सांगितले नाहीत, तर ते दोघं तर मुळीच सांगणार नाहीत!

आधी ओळख. मी सिक्युरिटी गार्ड, नाव गोपी. नववीत शाळा सोडली. वसंतमामा नात्याने माझे कुणी नाहीत. म्हैसूरच्या आमच्याच मराठी गल्लीतले, म्हणून मामा. शिवण्णा सरगूरचा, कन्नड बोलणारा. दोघंही मिलिटरीत होते आणि दोघांनाही मिलिटरीने काढून टाकलं. पेन्शन नाही, माजी सैनिकाचं कार्ड नाही. एजन्सीच्या यादीत ते माझ्यासारखेच साधे गार्ड.

*

मिलिटरीत शिक्षा झाली की ती लाल शाईने लिहितात. अशा चार ओळी झाल्या की माणसाला घरी पाठवता येतं. मामांच्या चार झाल्या. पहिली दारूची, दुसरी दारूची, तिसरी रजेवरून उशिरा आल्याची, चौथी परत दारूची.

मला हे काही माहीत नव्हतं. एका सकाळी निळं पेन संपलं, म्हणून मी एका ट्रकची एन्ट्री लाल पेनाने केली. मामांनी रजिस्टर पाहिलं. पान फाडलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

सुपरवायझर ओरडला, "पान कुणी फाडलं?"

"मी," मामा म्हणाले. "ट्रकची शिक्षा माफ केली!"

आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत. आमचं घराणं मूळ रंगाऱ्यांचं, लाल रंगात हात बुडवूनच जगलेलं. पण त्या दिवसापासून मी लाल पेन खिशाला लावलेलं नाही.

*

शिवण्णाचं वेगळं. तो मिलिटरीचं नावच काढत नाही. तो रजेवर घरी आला आणि परत गेलाच नाही. शेवटी पकडून नेलं, कोर्ट मार्शल झालं. एवढं मला मामांनी सांगितलं, तेही एकदाच.

कारखान्यात एक रिटायर्ड कर्नलसाहेब ॲडमिन मॅनेजर म्हणून आले. पहिल्याच दिवशी गाडी थांबवून शिवण्णाकडे बघत राहिले.

"कौनसी युनिट?"

"सिव्हिल, सर."

"ऐसे सीधा सिव्हिलवाला खडा नहीं रहता!"

"कमर दुखती है, सर."

गाडी आत गेली. शिवण्णा त्यानंतर तासभर वाकूनच उभा होता!

*

मामांची झोप गेली होती. घरी एकटेच. बायको बंगळूरला मुलीकडे राहते, ती का गेली हे त्यांना न विचारताही मला कळत होतं. मीच धीर करून त्यांना माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या क्लार्कने डिस्चार्ज बुक उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि बंद केलं.

"नोडी सार, बघा, हे एक्स-सर्व्हिसमन लोकांसाठी आहे."

"मग मी कोण?"

क्लार्कने खरंच विचार केला. "तुम्ही नुसते एक्स," तो म्हणाला.

मामांनी परत विचारलं, "पुढच्या गाडीखाली स्फोट झाला तेव्हा मी मागच्या गाडीत होतो. ते त्यात आहे का बघा."

क्लार्कने पानं उलटली. त्याला वाईट वाटलं असावं. "दारू आहे. स्फोट नाही," तो म्हणाला.

बसमध्ये मामांनी ते बुक माझ्या मांडीवर ठेवलं. "काय केलं ते सगळं लिहिलंय बघ. का केलं, त्याला रकानाच नाही."

*

दसऱ्याआधी म्हैसुरात तोफांची तालीम असते. हत्ती-घोड्यांना आवाजाची सवय व्हावी म्हणून दिवसाढवळ्या तोफा उडवतात. मी आणि मामा त्या बाजूला बूट घ्यायला गेलो होतो. तालमीची तारीख माझ्या लक्षातच नव्हती. चूक माझीच.

पहिला आवाज झाला आणि मामा शेजारून गायब! उभ्या रिक्षाखाली छातीवर झोपलेले, डोक्यावर हात.

रिक्षावाला खाली वाकला. "एन सार, काय झालं, पंक्चर आहे का?"

"आहे," मामा खालूनच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गेटवर पेपर आला. एक हत्तीण बिचकली म्हणून माहूत तिच्या सोंडेवरून हात फिरवतोय, असा फोटो होता. खाली लिहिलं होतं, तिला जमेल तसं हळूहळू शिकवणार. मामांनी ते दोनदा वाचलं.

"गोपी, हिला डिस्चार्ज नाही ना दिला?"

*

आता शेवटचा.

एका दुपारी डबा खाता खाता मामा म्हणाले, "गोपी, उद्यापासून रजिस्टर तू लिही. मी येत नाही."

"रजा आहे का, मामा?"

"रजा नव्हे."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. अर्धं जेवण आत तसंच होतं. ते नोकरीबद्दल बोलत नव्हते. शिवण्णाने ऐकलं होतं. तो माझ्याकडे बघून फक्त म्हणाला, "दवाखाना. आत्ता." सुपरवायझरला न विचारता आम्ही तिघं गेट सोडून निघालो. नोकरी जाईल हे मला आणि शिवण्णाला कळत होतं.

सरकारी दवाखान्यात कार्ड विचारत नाहीत. मानसिक विभागाच्या दारात नर्स म्हणाली, "पेशंटबरोबर एकानेच यायचं." मामांनी माझं मनगट सोडलं नाही, आणि शिवण्णाने कुणाला विचारलंच नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. शांतपणे कन्नडमध्ये विचारलं, "काय होतं तुम्हाला?"

मामा बाईंच्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले. मग मागून शिवण्णा बोलायला लागला.

"झोप लागली की तीनदा उठतो, मॅडम. दाराची कडी बघतो. बायकोने अंगाला हात लावला तर तिचा हात पिरगाळतो. नंतर पाया पडतो तिच्या. मुलगा मोठ्याने हसला तरी घाम येतो. शेतात जातो आणि बांधावरच बसून राहतो, आत पाय टाकवत नाही..."

डॉक्टरीणबाई भराभर लिहीत होत्या.

"मॅडम," मामा म्हणाले, "माझी बायको बंगळूरला आहे. मला मुलगा नाही. शेतही नाही."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं. शिवण्णा भिंतीला टेकला होता.

मामा खुर्चीवरून उठले. शिवण्णाच्या खांद्याला धरून त्याला खुर्चीत बसवलं.

"आधी याचं लिहा," ते म्हणाले. "मी थांबतो."